उफाळीण

ठाण्याच्या बाजारात मनुबाईला मनुबाई म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं. टोपली उतरवून ती बसली की गिऱ्हाइकं विचारत, "उफाळीण आली का?" बोंबील घ्यायचे ते उफाळिणीचे, कोळंबी घ्यायची ती उफाळिणीची. खाडीपल्याडच्या गावातून सून म्हणून ती या वाडीत आली, तेव्हा तिचं पाळण्यातलं नाव दुसरंच होतं. ते लग्नात बदलून मनू ठेवलं, आणि ती मनूही चार पावसाळ्यांत आडनावाखाली दडपून गेली. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आडनाव वजनदार होतं, आणि वजन डोक्यावर घेऊन चालायची तिला सवय होती.

नाव कुठून आलं हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगायचं. आगगाडीच्या पुलाच्या खालच्या अंगाला, जिथे खाडी वळते, तिथे भरती फिरायच्या वेळी पाणी तळातून वर उसळतं, चुलीवरच्या आधणासारखं. त्या जागेला उफाळा म्हणतात. होडी तिथे नेली तर जागच्या जागी गरगर फिरते, म्हणून शहाणी माणसं लांबून जातात. तिच्या नवऱ्याच्या, गोमाजीच्या, कुणा खापरपणज्याने शहाणपण खुंटीला टांगलं आणि नेमका तिथेच खुंट ठोकला. खुंट म्हणजे ताडाचा अख्खा सोट. तो खाडीच्या तळात रोवायचा, त्याला पिशवीसारखं लांबलचक डोल जाळं बांधायचं, की ओहोटीबरोबर मासळी आपणहून येऊन आत बसते. उफाळ्यावर ती इतरांच्या दुपटीने बसू लागली. लोक आधी हसले, मग जळले, आणि जळता जळता त्याला उफाळ्या म्हणू लागले. उफाळ्याची पोरं ती उफाळे. आडनावं अशीच होतात. कुणी राजा ती देत नाही.

वाडीत खुंट माणसाच्या मालकीचा नसतो, आडनावाच्या मालकीचा असतो. म्हणून तर नारळी पुनवेची हाक. त्या संध्याकाळी खाडीला नारळ दिला की वाडीचा पाटील बंदराच्या पायरीवर उभा राहतो आणि एकेका आडनावाला हाक घालतो. त्या आडनावाच्या बाप्याने "हाय" म्हणायचं. म्हटलं, की त्या घराचा खुंट त्या साली त्या घराचा. तीनदा हाक घालूनही कुणी हाय म्हटलं नाही, तर पाटील त्या घराच्या नावाचा नारळ ओहोटीत सोडतो, आणि खुंट वाडीच्या हातात येतो. वाडी मग तो ज्याला खुंट नाही त्याला देते. बाईने हाय म्हणायचं नसतं. तसा कुणी कायदा केलेला नव्हता. आजवर कुणा बाईवर वेळ आली नव्हती, इतकंच.

ती वेळ आली गाठीच्या तापाच्या साली. मुंबईतून तो ताप आगगाडीत बसून ठाण्याला उतरला आणि वाडीत शिरला. आधी उंदीर पडले, मग माणसं. मनुबाईच्या घरात पहिल्यांदा सून गेली, मग मुलगा हिराजी, आणि हिराजीची राख थंड होते न होते तोच गोमाजी. सरकारी माणसांनी घराचे वासे उघडे केले, भिंतींना चुना फासला आणि बिछाने जाळले. उरली मनुबाई आणि हिराजीची पोर मालू. ती अजून दातांच्या पडझडीच्या वयातली होती. लोकांनी समजूत घातली की वयनी, निदान पोर तरी राहिली. मनुबाई मान हलवायची. पोरीचं काय, ती आज उफाळे आणि उद्या लग्न करून दुसऱ्या कुणाची. खुद्द मनुबाईसुद्धा जन्माची उफाळे नव्हतीच. नाव लावणाऱ्या दोघी उरल्या होत्या, आणि दोघींचंही नाव हाकेत धरलं जाणार नव्हतं.

आषाढ सरता सरता पाटील दाजी ओट्यावर येऊन बसला. दाजी गोमाजीच्या बरोबरीचा, एका होडीत वाढलेला.

"वयनी, पुनवेला मना हाक घालावीच लागंल," तो म्हणाला.

"घाला की."

"हाय कोन बोलंल?"

मनुबाईने मालूला जवळ ओढलं.

"दत्तक घ्यायचा तं घे. पन आपल्यांत उफाळ्यांना उफाळेच लागतो. दुसऱ्याचा पोर आनून उफाळे केला, तं उद्या कोनी बी उठंल आनि कोनाचा बी खुंट मागंल. मी पाटील हाय, मना समद्यांना तोंड द्यायचं हाय." मग तो जरा खाली वाकून हळू बोलला, "गोमाजी बोलायचा, कल्यानला उफाळ्यांचा एक घर हाय म्हनून. आनि खडवलीला बी. एक पुरुस मिलव. वर्साला येऊन नुसता उभा ऱ्हायला तरी बास. पोटाचा तुमचं तुमी बघा."

मालूचं पोट त्या खुंटावर होतं हे दाजीला कळत होतं. त्याने ते बोलून दाखवलं नाही, हे त्याचं मोठेपण.

दुसऱ्याच दिवशी मनुबाईने मालूला शेजारी ठेवलं आणि ती गाडीने कल्याणला गेली. कल्याणच्या स्टेशनात ठाण्याकडच्या उतारूंना रांगेत उभं करून काखा चाचपत होते, आणि चाचपणीनंतर एक कारकून नावं विचारत होता.

"नाव?"

"मनुबाई गोमाजी उफाळे."

"उफाळे?" कारकून पुण्याकडचा होता. त्याने मान वर केली. "हे नाव कधी ऐकलं नाही. किती घरं तुमची?"

"तेच बघाया आलेय," मनुबाई म्हणाली. कारकुनाला वाटलं बाई थट्टा करते आहे, आणि तो जरा हसला.

गोमाजीने सांगितलेलं ते घर सापडायला वेळ लागला, कारण मनुबाई उफाळ्यांचं घर विचारत होती आणि कल्याणच्या कोळीवाड्यात ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं. अखेर एक म्हातारी म्हणाली, मूळचा ठाण्याकडचा एक धोंडीबा आहे, तो रेल्वेच्या कोळशाच्या यार्डात काम करतो, पण तो ठाणेकर. तोच तो. त्याच्या आजाने भावाशी भांडून ठाणं सोडलं होतं. माणूस रक्ताचा, नाक तर हुबेहूब गोमाजीचं. ते नाक पाहून मनुबाईचे डोळे भरून आले. तो मात्र ओट्याच्या कडेला उभा राहून तिला लांबच बस म्हणाला, आणि त्याची बायको रंगूबाई हिने पाण्याचा तांब्या दूर ठेवून दिला. ठाण्याहून आलेल्या माणसाला तेव्हा सगळेच तसं पाणी देत. मनुबाईने मनाला लावून घेतलं नाही.

"खोटा कशाला बोलू, काकी," धोंडीबा म्हणाला. "बापूस सांगायचा आमी उफाळे म्हनून. पन बापूस यार्डात लागला तवा मुकादमाने इचारला, कुठला तू? त्यो बोलला ठान्याचा. ते दिसापासून हजेरीत ठानेकर. पगार ठानेकराला, खोली ठानेकराला. माज्या पोरांना उफाळे म्हनून हाक मारली तं ती मागं वलून बघनार बी नायत."

"पुनवेला एकच दिस ये. नुसता हाय बोल."

"आनि ती हाय यार्डात कलली तं? उफाळे निराला नि ठानेकर निराला, मंग हजेरी कोनाची?" तो खाली बघू लागला. "देवक कनचा ते बी मना ठाव नाय, काकी. लग्नात आमी बायकोच्या मानसांचा देवक धरला. तुमचे पंच पयला तेच इचारतील."

विचारणारच होते. माणूस आपला की परका हे वाडी देवकावरून ओळखायची. लग्नात प्रत्येक घर आपापल्या झाडाची डहाळी पुजतं, ते त्याचं देवक. कुणाचं आंबा, कुणाचं जांभूळ. उफाळ्यांचं देवक उंबर होतं. धोंडीबाला ते तिथेच कानात सांगता आलं असतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून मनुबाई उठली. ठाण्यात कुणीच ठाणेकर नसतो, हे तिला चालता चालता सुचलं. ठाणेकर व्हायला ठाणं सोडावं लागतं.

खडवलीला ती भाताच्या गाडीवर बसून गेली. तिथे मात्र नाव सांगताच वाट दाखवणारे दहाजण निघाले. गोपीनाथ उफाळ्याचं घर केवढं तरी मोठं होतं. भातशेती, बैल, अंगणात पोरांचा बाजार. गोपीनाथने तिला घोंगडी टाकून बसवलं, गुळाचा खडा दिला आणि तिचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाय, आमी कुनबी हाव," तो म्हणाला. "आमच्या वरल्या मळ्यात एक झरा हाय, जमिनीतून उफाळतो. म्हून आमी उफाळे. तुमचं पानी येगळं, आमचं येगळं."

"तुमची घरं किती?"

"या गावात निम्मं गाव आमचंच. नदीपल्याड हायेत, मुरबाडाकडं हायेत. मोजाय कोन बसलंय."

म्हणजे जगात उफाळ्यांना तोटा नव्हता. गावंच्या गावं भरली होती. पोरं अंगणात धावत होती, एक उफाळे दुसऱ्या उफाळ्याची शेंडी ओढत होता, आणि त्यांतला एकही तिच्या कामाचा नव्हता. परतीच्या वाटेवर मनुबाई पहिल्यांदा रडली. गाडीवान भला माणूस होता, त्याने मागे वळून पाहिलं नाही.

श्रावण लागला. खाडी बंद, म्हणून मनुबाई सुकट घेऊन दारोदार हिंडायची. वाडीच्या वरच्या अंगाला, बंदराच्या टेकाडावर किरिस्तावांचा पाडा आहे. ही माणसं फिरंग्यांच्या राज्यात बाटलेली, पण बोली तीच, चुलीवरचं कालवण तेच. तिथली रोझा मनुबाईची जुनी गिऱ्हाईक. तिचा मुलगा लिनो हिराजीचा दोस्त होता. दोघांनी मिळून खेकडे धरायच्या किती पागोळ्या टाकल्या आणि किती मार खाल्ला, त्याचा हिशेब दोघींच्याही घरात नव्हता.

त्या दिवशी पावसाची सर आली म्हणून मनुबाई रोझाच्या पडवीत थांबली. मागच्या विहिरीवर एक उंबर वाढला होता. त्याची एक फांदी थेट कौलांवर टेकली होती.

"रोझाबाय, ही फांदी कवातरी घर फोडंल. तोडत कं नाय?"

"गो बाय, उंबर कसा तोडू?" रोझा म्हणाली. "आमच्यात लग्नाला उंबराचंच पानी लागतं. नवरीला न्हायला उंबराखालच्या विहिरीचं पानी. वाजत गाजत जाऊन आनतात. त्याबिगर आमच्यात लगीन उभा ऱ्हात नाय."

मनुबाईच्या हातातलं माप तिथेच थांबलं.

"आमच्यात" हा शब्द तसा साधा आहे. आमच्यात म्हणजे आमच्या घरात, आणि आमच्यात म्हणजे आमच्या लोकांतही. बोलणारा एक म्हणतो, ऐकणाऱ्याला हवं ते ऐकू येतं. मनुबाई आजवर किरिस्तावांच्या एकाही लग्नात मांडवाआड गेली नव्हती. वाजंत्री लांबून ऐकली होती, डोक्यावर घडे घेऊन निघालेल्या बायका लांबून पाहिल्या होत्या, पण पाणी सगळेच आणतात, ते कुठल्या झाडाखालचं हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिला ऐकू आलं ते एवढंच, की या घरात उंबर पुजतात.

"रोझाबाय," तिने जपून विचारलं, "तुमच्या घराला पयले लोक काय बोलायचे?"

"चर्चात आमी परेर. फिरंगी पादऱ्याने सोताचं नाव दिलं, नि त्यो ज्याला ज्याला बाप्तिस्मा द्यायचा, त्यो त्यो परेर. पाड्यात निम्मे परेरच, कोनाचा कोन काय कलत नाय. म्हनून घराला येगला नाव लागतो." रोझा हसली. "आमचं घर टेकाडाच्या टोकाला, खालती उफाळा दिसतो, म्हनून आमाला बोलतात उफाळ्यावरचे."

मनुबाईने सुकटीचं माप तीनदा भरून रोझाच्या सुपात ओतलं. रोझा नको नको म्हणत राहिली.

लिनो संध्याकाळी भेटला. त्याने सगळं ऐकलं आणि डोकं खाजवलं. "काकी, मना तं कोनी कवा सांगितला नाय आमी उफाळे म्हनून."

"तुज्या आयसने सांगितला. देवक जुलतो, नाव जुलतो. वरचं परेर पादऱ्याने चढवलेलं हाय, रे. आतला कोनी काढला नाय."

लिनोला ते पटलं की नाही कोण जाणे. पण हिराजी गेला तेव्हा तो चारी बाजूंच्या शिपायांना चुकवून तिरडीपर्यंत आला होता, आणि मालूला तो अजून खांद्यावर बसवायचा. "मी हाय बोलंन," तो म्हणाला. "खुंट बी मीच ठोकंन. उफाळ्याचं पानी मी नि हिराजीने किती वेला पोहून पार केलंय. मिलंल ते निम्मा तुमचा. फक्त नारलाला हात नाय लावनार, काकी. पादरी घराबाहेर काढील."

"नको लावू. नुसता हाय बोल."

उरलेले दिवस मनुबाई माणसात आली. मालूचे केस विंचरून तिने फुलं माळली. गोमाजीचं डोल जाळं वाशावरून उतरवून त्याची भोकं विणायला बसली, आणि विणता विणता गाणंही गुणगुणली. शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. दाजीला तिने एवढंच सांगितलं, पुरुष मिळाला. दाजीने कोण ते विचारलं नाही. त्याला बहुधा विचारायची भीती वाटली, कारण मिळाला म्हणताना तिचा चेहरा गोमाजी जिवंत असतानाच्या दिवसांसारखा दिसत होता.

पुनवेला पाऊस उघडला. सगळी वाडी बंदरावर लोटली. तापाने विरळ झालेली वाडी, पण लाल लुगडी नि नव्या टोप्या घालून ती दाट दिसत होती. खाडीला नारळ दिला. दाजी पायरीवर उभा राहिला आणि हाका सुरू झाल्या. एकेक नाव, एकेक हाय. काही हाय पोरवयाच्या गळ्यांतून आल्या, कारण त्या घरांत तेवढंच उरलं होतं. पण आल्या.

"उफाळे," दाजीने हाक घातली.

"हाय," लिनो म्हणाला.

तो गर्दीच्या कडेला होता. गळ्यातला क्रूस त्याने सदऱ्याच्या आत सरकवला होता, पण त्याला कोण ओळखत नव्हतं? वाडी एकदम कुजबुजली. दाजी मनुबाईकडे बघत राहिला.

"यो तं रोझाचा लिनो."

"उफाळेच हाय त्यो," मनुबाई पुढे येऊन म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "फिरंग्यांच्या टायमाला बाटला तरी रगत आपलंच. घराचं नाव उफाळ्यावरचे. आनि देवक उंबर. त्यांच्या घरात उंबराच्या पान्याबिगर लगीन उभा ऱ्हात नाय. मी नाय, रोझाबायच बोलली."

हे ऐकून जुनी माणसं विचारात पडली, हे खरं. उंबर म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती. एक म्हातारा तर म्हणाला, बाटून देवक राहिलं असेल तर विचार करायला हवा. दाजीच्या तोंडावर आशा दिसली. त्यालाही ते हवंच होतं. रोझा मागे, टेकाडाच्या वाटेवर उभी होती. दाजीने तिला पुढे बोलावलं.

"रोझाबाय, तुमच्यात उंबराचं पानी आनतात?"

"हां," रोझा म्हणाली. तिला वाटलं, लिनोचं काही चुकलं म्हणून विचारतात. "आनतात की."

"तुमच्या घरातच, का अख्ख्या पाड्यात?"

"अख्ख्या पाड्यात. पाडाच कं, वसईपासून इथवर, जितके किरिस्ताव तितक्यांत. उंबराबिगर आमच्यात कोनाचंच होत नाय." हे सांगताना ती मनुबाईकडे बघत होती, आणि सांगून होईतो तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"मंग समदे किरिस्ताव उफाळेच जाले," गर्दीतून कुणीतरी म्हटलं, आणि लोक हसले. वाईट मनाने हसले नाहीत. सणाचा दिवस होता, वर्षभर कुणी हसलं नव्हतं, आणि विनोद खरोखर चांगला होता. पण मनुबाईला वाटलं की पायाखालची पायरी निसटली. तिने रोझाकडे पाहिलं. रोझाचे ओठ हलत होते, बहुतेक माफी मागत होते. तिची काय चूक? तिने खरं तेच सांगितलं, दोन्ही वेळा.

हसणं विरलं तसा दाजी पुढे झाला. "वयनी, घर उफाळ्याच्या वर हाय म्हनून उफाळ्यावरचे. त्याचा काय धरनार मी." आणि कुणाकडे न बघता त्याने दुसरी हाक घातली. "उफाळे."

लिनोने तोंड उघडलं. रोझाने त्याचा दंड धरला, आणि ते मिटलं.

मनुबाईला सगळं स्वच्छ दिसत होतं. मालू तिच्या पदराला धरून होती. समोर खाडी ओहोटीला लागली होती, आणि लांब वळणावर उफाळा उसळायला लागला होता. इतकी वर्षं तिने त्या पाण्याची मासळी विकली. त्या नावाचं ओझं उन्हातून वाहिलं. त्या नावाचे तीन मुडदे तिच्या दारातून गेले. आता त्या नावाला हाक आली होती, आणि ते ज्यांच्या अंगावर होतं त्यांनी गप्प बसायचं होतं.

"उफाळे," दाजीने तिसऱ्यांदा हाक घातली.

"हाय," मनुबाई म्हणाली.

मोठ्याने नाही, पण दाजीला ऐकू जाईल इतकं. दाजीने ते ऐकलं. त्याने खाली मान घातली आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला, कुणी आणखी हाय म्हणतंय का याची वाट बघितल्यासारखा. मग वाकून त्याने उफाळ्यांच्या नावाचा नारळ पाण्यात सोडला. नारळ ओहोटीबरोबर निघाला. पोरं त्याच्यामागे काठाने धावली. उफाळ्यावर तो पोचला तेव्हा थोडा वेळ गरगर फिरला, आणि मग दिसेनासा झाला.

खुंट चांगाला मिळाला. चांगा म्हणजे दोन्ही भाऊ तापात गमावलेला तरणा पोर, नुकतंच लग्न झालेला, स्वभावाने गरीब. त्याने खुंट ठोकला आणि पहिल्या दिवशी जाळ्यात आलेल्या कोळंबीतून अर्धी पाटी मनुबाईच्या दारात आणून ठेवली. दिवाळीपर्यंत तो अधूनमधून देत राहिला. मग त्याची बायको हौसा बाजारात बसू लागली आणि देणं आपोआप थांबलं. त्यात त्याचं काही वाकडं नव्हतं, संसार होता. लिनो मात्र पाणी ओसरलं की चिखलातले खेकडे धरून मालूला आणून द्यायचा. रोझा कधी सुकट घ्यायची, पण "आमच्यात" हा शब्द तिने मनुबाईपुढे पुन्हा काढला नाही.

मनुबाई आता बंदरावर जायची, ज्यांची मासळी जास्त झाली त्यांच्याकडून उचलायची आणि बाजारात नेऊन विकायची. पूर्वीसारखी निवड राहिली नव्हती. मिळेल ते मुठीत धरायचं. जागा मात्र तीच होती, वडाखालची.

एका सकाळी ती टोपलीवर पाणी शिंपडत होती. मागून आवाज आला, "अगं उफाळीण, कोळंबी आहे का गं आज?" जुनंच गिऱ्हाईक, वरच्या आळीतल्या विमलाबाई. मनुबाई चटकन वळली. "हाय की," ती म्हणाली, आणि हात पुढे करून टोपलीवरचं फडकं उचललं.

विमलाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या पलीकडच्या ओळीत वाकल्या होत्या. तिथे चांगाची हौसा नवी पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. कोळंबी चकचकीत होती, उफाळ्याची. हौसाही हसून म्हणाली, "हाय की, ताजी हाय," आणि त्या नावाला तिने इतक्या सहज ओ दिली की त्याची सवय तिला बऱ्याच दिवसांची असणार.

मनुबाईने फडकं पुन्हा नीट झाकलं. गोमाजीच्या त्या खापरपणज्याने खुंट ठोकला, तेव्हा ती जागा खरंच रिकामी होती का, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. तिच्याआधीही इथे कुणीतरी म्हातारी बसली असेल, टोपलीत फारसं काही नसलेली. तिचं नाव काय होतं?

"मालू," ती पोरीला म्हणाली, "पानी शिंपड. उन्हं चढली."

मालूने पाणी शिंपडलं. पलीकडच्या ओळीत कुणीतरी पुन्हा उफाळिणीला हाक मारली. या वेळी मनुबाईने मान वर केली नाही.